काटकसरी गाळणी

“निम्म्याहून जास्त गुणाकार वाचवले, काकू! चक्क निम्म्याहून जास्त!” असं ओरडतच श्रीनिवास घरात शिरला, तेव्हा आनंदीबाई रवा चाळत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“का? महाग झालेत का हल्ली?”

श्रीनिवासला असल्या प्रश्नांची आता सवय झाली होती. विश्रांतवाडीतल्या एका छोट्या कंपनीत तो आवाजाच्या यंत्रांवर काम करायचा, आणि आनंदीबाईंच्या हेमाशी लग्न करण्यासाठी आठवड्यातून दोनदा विश्रांतवाडीहून बिबवेवाडीला यायचा. त्याचं आणि हेमाचं केव्हाच ठरलं होतं. ठरायचं होतं ते आनंदीबाईंचं. बाईंनी उभा जन्म गाणं शिकवण्यात घालवलेला. जावयाबद्दल त्यांची एकच अट होती. घर लहान असलं तरी चालेल, रंग सावळा असला तरी चालेल, पण कान हवा. श्रीनिवासला दोन कान होते, आणि दोन्ही निरुपयोगी होते. पहिल्याच भेटीत त्याने दारावरची बेल दाबून, आत आल्यावर “वा! कोणता राग लावलाय?” असं विचारलं होतं.

त्यात भर म्हणजे डॉक्टर श्याम. हे दातांचे डॉक्टर, पण हार्मोनियम इतकी सुंदर वाजवत की आनंदीबाईंनी त्यांच्याकडून दोन दाढा विनाकारण काढून घेतल्या होत्या. डॉक्टर अविवाहित होते. बाई हे वाक्य हेमासमोर दिवसातून एकदा तरी म्हणत.

पण देव आंधळ्याचा तसा बहिऱ्याचाही असतो. आनंदीबाईंच्या क्लासचा वार्षिक कार्यक्रम सोसायटीच्या हॉलमध्ये होत असे, आणि त्या हॉलमधला माइक दरवर्षी शिट्टी मारायचा. आवाज स्पीकरमधून बाहेर पडायचा, भिंतीवर आपटून पुन्हा माइकमध्ये शिरायचा, तिथून पुन्हा स्पीकरमध्ये, आणि शेवटी ‘कुंईऽऽ’ अशी किंकाळी फुटायची.

“गेल्या वर्षी मी षड्ज लावला आणि माइकनं त्याच्या वरचा पंचम लावला,” बाई सगळ्यांना सांगत. “या वयात मी आता त्याच्याशी जुगलबंदी करू का?” आणि एकदा रागाच्या भरात त्या श्रीनिवाससमोर बोलून गेल्या होत्या, “ही शिट्टी बंद करून दाखवा, मग बघू तुमचं.”

‘बघू’ हा पुण्यात नकार असतो. पण श्रीनिवासने तो होकार धरला आणि कामाला लागला. आज त्याचं फळ घेऊन तो आला होता.

“मी एक फिल्टर केलाय, काकू!”

“आमच्याकडे आहे पाण्याचा.”

“आवाजाचा हो! आता हे बघा, तुमची ही चाळण. रवा खाली पाडते आणि आळ्या वर ठेवते...”

“माझ्या रव्यात आळ्या नसतात.”

“नाही, समजा!”

“का समजू?”

आतून हेमा हसत बाहेर आली. “आई, ऐक ना जरा. तू बोल रे.”

श्रीनिवास बोलला. म्हणजे धबधबा सुटला. आवाज माइकमधून आत आला की त्याचे आकडे होतात. त्या आकड्यांना ठरावीक गुणकांनी गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची, आणि एका क्षणाचा स्वच्छ आवाज तयार. असं सेकंदाला हजारो वेळा. लहान चिप त्या गुणाकारांनीच दमून जाते. “मग मी काय केलं? गुणक असे निवडले की डावीकडचे आणि उजवीकडचे सारखेच! मग त्या दोन आकड्यांची आधी बेरीज करायची आणि दोघांत मिळून गुणाकार एकच!”

“दोघांत एक कप,” बाई म्हणाल्या.

“एक्झॅक्टली! आणि पुढची गंमत म्हणजे एकाआड एक गुणक सरळ शून्य! शून्याने गुणायचंच कशाला?”

“म्हणजे काही पाहुण्यांना चहा विचारायचाच नाही.” आनंदीबाईंनी चाळण आपटली. “हे शोधायला इंजिनिअर व्हावं लागतं होय? आमच्या पेठेतल्या घरात चार पिढ्या हेच चाललं होतं.”

तरी पण त्यांच्या आवाजात किंचित आदर होता. काटकसर ही गोष्ट त्यांना कुठल्याही क्षेत्रातली असली तरी आवडत असे. “उद्या संध्याकाळी लावा तुमची गाळणी,” त्या म्हणाल्या. “शिट्टी आली नाही, तर चहाला थांबा. बोलू.”

‘बोलू’ म्हणजे पुण्यात जवळजवळ साखरपुडा. श्रीनिवास जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला.

अडचण एवढीच होती की ही गाळणी ज्या डबीत बसवायची ती अजून पुरती झाली नव्हती. एवढे गुणाकार वाचवूनसुद्धा त्या चिपमध्ये सगळं काम मावत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान उघडायच्या आधीच जाऊन उभा राहिला.

“यापेक्षा मोठी चिप आहे?”

“संपली.”

“कधी येईल?”

“आली की.”

संभाषण संपलं. आता लहान चिपमध्येच भागवायचं, म्हणजे आणखी काहीतरी वाचवायला हवं. श्रीनिवासने आपल्या रचनेवरून नजर फिरवली. डबीचं काम सरळ होतं. एखादा सूर न हलता, न डगमगता टिकून राहिला की ती शिट्टी समजायची आणि तेवढाच सूर कापून टाकायचा. त्याच्यानंतर एक शेवटची तपासणी होती. टिकून राहिलेला तो सूर खरोखर यंत्राचा आहे की माणसाच्या गळ्यातून आलाय, हे ती बघायची. ती तपासणी फार गुणाकार खात होती.

‘ही कशाला हवी?’ श्रीनिवासने स्वतःशी विचार केला. ‘इतका वेळ एकाच सुरावर न हलता कुठला माणूस थांबतो?’ त्याच्या ओळखीत तरी कोणी नव्हतं. त्याने ती तपासणी उडवली आणि चिप भराभर पळायला लागली. श्रीनिवास गाडीवर बसून चक्क गात गात हॉलवर गेला. रस्त्यातले लोक बाजूला झाले.

हॉलमध्ये स्पीकरवाला बजरंग वायरी ओढत होता. सोसायटीचे चेअरमन श्रीधरपंत खुर्च्या मोजण्याच्या निमित्ताने माइकभोवती घुटमळत होते. श्रीधरपंतांना गाण्याची अनावर हौस होती. गाण्याला श्रीधरपंतांची नव्हती. श्रीनिवासने डबी जोडली आणि म्हणाला, “पंत, जरा म्हणून बघता का?”

हे वाक्य पंतांना आयुष्यात प्रथमच कोणीतरी म्हटलं होतं. त्यांनी डोळे मिटून एक अख्खं नाट्यपद म्हटलं. बजरंगने आवाज वाढवला, आणखी वाढवला. शिट्टी नाही! पंतांचा शब्द न् शब्द भिंतींवर घुमत होता.

“आयला! नंबर एक काम हाय की सायेब!” बजरंग ओरडला.

“जमलं!” श्रीनिवासने पंतांना मिठी मारली. ती आपल्या गाण्याला आहे असं समजून पंत गहिवरले.

संध्याकाळी हॉल खच्चून भरला. स्वागताच्या भाषणाला पंत उभे राहिले आणि भाषणाच्या शेवटी, कोणीही आग्रह न करता, त्यांनी ते नाट्यपद पुन्हा सादर केलं. आवाज कसा, घंटेसारखा! शिट्टी तर सोडाच, साधी खरखर नाही. पहिल्या रांगेतून आनंदीबाईंनी मागे वळून श्रीनिवासकडे बघितलं आणि मान हलवली. हेमाने त्याला चिमटा काढला.

मग मैना गायली. ती बाईंची शिष्या, प्रेमलाताईंची मुलगी. बिबवेवाडी हे नुसतं गाव होतं तेव्हापासून प्रेमलाताईंच्या घरच्यांची तिथे जमीन होती, त्यामुळे त्या हॉलमध्ये कुठेही बसल्या तरी मालकिणीसारख्याच दिसत. मैनाचं गाणंही पहिल्यापासून शेवटपर्यंत खणखणीत ऐकू आलं. प्रेमलाताईंनी चारी बाजूंना बघून घेतलं.

नंतर डॉक्टर श्याम एकट्याने हार्मोनियम वाजवायला बसले. त्यांनी भाता ओढला, पहिल्या सुरावर बोट ठेवलं, आणि स्पीकरमधून क्षणभर ‘पँ’ असा आवाज येऊन सगळं चिडीचूप झालं. डॉक्टर डोळे मिटून डोलत होते. पहिल्या दोन रांगा ‘वा’ म्हणत होत्या, कारण त्यांना पेटी तशीच ऐकू येत होती. मागच्या रांगा एकमेकांकडे बघत होत्या.

“मूकाभिनय आहे का?” मागून कोणीतरी विचारलं.

बजरंग धावला. “वायर ढिली हाय!” म्हणत त्याने ॲम्प्लिफायरला एक सणसणीत चापट मारली. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनी सूर बदलला आणि पुन्हा ‘पँ’ ऐकू आलं. झालं! बजरंगची खात्री पटली. त्यानंतर आवाज गेला की तो चापट मारायचा, तेवढ्यात डॉक्टरांचं बोट हलायचं, आणि ‘पँ’ व्हायचं. हॉलमधल्या बहुतेकांनी हार्मोनियमपेक्षा त्या चापटाच जास्त ऐकल्या.

“तू केलंस ना हे?” हेमाने दात ओठ खाऊन विचारलं.

“मी? काय?”

“बरोब्बर त्याचीच पेटी बंद? बाकी सगळे ओके? इतका चीप वागशील असं वाटलं नव्हतं, श्रीनिवास!”

“शपथ घेऊन सांगतो, हेमा, माझा फिल्टर माणूस ओळखतच नाही!”

त्याच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडलं आणि तेव्हाच त्याच्या ध्यानात आलं. माणूस ओळखत नाही. ओळखणारी ती तपासणी सकाळी त्यानेच उडवली होती. न हलता टिकून राहणारा सूर म्हणजे शिट्टी. आणि आता स्टेजवर आनंदीबाई जाऊन बसल्या होत्या.

“काकू, थांबा!” तो ओरडला, पण टाळ्यांत ते बुडालं.

बाईंनी षड्ज लावला. काय षड्ज तो! समईच्या ज्योतीसारखा स्थिर, आणि त्याच क्षणी मागच्या रांगांसाठी अस्तित्वात नसलेला. बाईंचं तोंड उघडं, हात पुढे झालेला, चेहऱ्यावर समाधान, आणि स्पीकर ठार मुका. बजरंगने चापट मारली. बाईंनी रिषभावर जाता जाता ‘आ’ केलं ते ऐकू आलं, रिषभ लागला आणि गेला.

“बाई, आवाज!”

बाईंनी ताना घेतल्या, त्या लख्ख ऐकू आल्या. ताना संपवून त्या जिथे जिथे विसावल्या, तिथे तिथे शांतता. गाण्याचा सगळा प्रवास ऐकू येत होता, मुक्काम एकही ऐकू येत नव्हता.

“राहिलेलं गाणं पुढच्या वर्षी आहे का हो?” मागचा तोच आवाज.

श्रीनिवास डबीकडे झेपावला. बजरंगने त्याला अडवलं. “हात लावू नगा सायेब, आत्ता कुठं चापटीला दाद द्यायला लागलंय!” दोघांची झटापट झाली, एक खुर्ची कलंडली, आणि आनंदीबाईंनी गाणं थांबवलं.

“श्रीनिवासराव,” त्या माइकवर म्हणाल्या. बोलणं अगदी स्वच्छ ऐकू आलं. “काय झालंय ते इथं येऊन सगळ्यांना सांगा.”

श्रीनिवास स्टेजवर चढला. हेमा बघत होती, डॉक्टर श्याम बघत होते, सगळी सोसायटी बघत होती. खोटं बोलायचं त्याच्या मनात आलंही असेल, पण गुणाकारांबद्दल त्याला कधी खोटं बोलता आलं नव्हतं.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “मी काटकसर जास्त केली. ही डबी न हलणारा सूर कापते. मला वाटलं, असा सूर फक्त यंत्रातून येतो. माणसाचा सूर इतका पक्का लागतो हे... मला माहीत नव्हतं. त्यामुळे जो सूर अगदी अचूक लागतो तो ऐकू येत नाही. आणि जो हलतो, तो... तो ऐकू येतो.”

हॉलमधले लोक हिशेब मांडत होते. मग हळूहळू सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

“पंत,” मागचा आवाज म्हणाला, “तुमचं मात्र सगळं ऐकू आलं हं.”

हशा असा उसळला की पंखे हलले. श्रीधरपंत ताडकन उभे राहिले. “हा चेअरमनचा अपमान आहे! मी पुन्हा म्हणून दाखवतो!” त्यांनी माइक ओढला आणि डोळे गच्च मिटून एक सूर धरला. सूर सगळ्यांना ऐकू आला. त्यांनी दुसरा धरला. तोही आला. “गप्प हो ना मेल्या!” पंत स्पीकरवर ओरडले. तेही ऐकू आलं.

एवढ्यात प्रेमलाताई उठल्या आणि हशा एकदम ओसरला.

“बाई, चार वर्सं झाली माझी मैना तुमच्याकडं शिकतीया,” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “आन तिचं समदं ऐकू आलं? एक सूर बी गायब न्हाई? मग शिकविलं काय तुमी?”

“आमच्या सोनूचंही आलं,” दुसऱ्या बाई उठल्या.

“आमच्याचा तर श्वाससुद्धा आला!”

पालक उभे राहायला लागले. श्रीनिवास गळपटला. लग्न तर गेलंच होतं, आता बाईंचा क्लासही जाणार होता, आणि तोही चार गुणाकार वाचवण्याच्या नादात. त्याने डबीची वायर उपटायला हात घातला.

“हात लावायचा नाही,” आनंदीबाई म्हणाल्या.

त्या माइकसमोर नीट बसल्या. “प्रेमलाताई, बसा. सगळेच बसा. पन्नास वर्षं मी लोकांना सांगतेय की सूर लागला पाहिजे, आणि पन्नास वर्षं प्रत्येकजण म्हणतोय, लागलाय की. मी म्हणते म्हणून कोणी मानत नाही. आता बघा.” त्यांनी डोळे मिटून षड्ज लावला. स्पीकर मुका झाला. त्या थांबल्या आणि डोळे उघडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “कळलं? ही गाळणी माझी भीड ठेवत नाही आणि तुमचीही ठेवणार नाही. मैना, इकडे ये. सा लाव. घाई नको. थांब त्याच्यावर.”

मैनाने सा लावला. ऐकू आला. पुन्हा लावला. ऐकू आला. प्रेमलाताईंनी पदर तोंडात धरला. तिसऱ्यांदा मैनाने छाती भरून श्वास घेतला, सूर हलला, सावरला, स्थिर झाला, आणि टुपकन नाहीसा झाला.

“गेला!” प्रेमलाताई किंचाळल्या. “गेला गं माझ्या वाघिणीचा आवाज!”

सगळा हॉल उठून टाळ्या वाजवायला लागला. मग काय विचारता! रांगच लागली. ज्याला त्याला आपला आवाज बंद करून घ्यायचा होता. ज्याचा जायचा तो नाचत उतरायचा, ज्याचा ऐकू यायचा तो पुन्हा रांगेत उभा राहायचा. बजरंगनेही चापट सोडून सा लावून बघितला. डॉक्टर श्याम मात्र पेटीचा भाता बंद करत म्हणाले, “माझा पहिल्यापासून बंदच आहे की!”

“तुमची पेटी बोलते, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “तुम्ही स्वतः लावा ना एकदा.”

डॉक्टरांनी नम्रपणे नकार दिला. दातांचे डॉक्टर तोंड उघडायला घाबरले, असं मागचा आवाज म्हणाला.

“आता तुम्ही,” बाई श्रीनिवासकडे वळल्या.

“मी? काकू, नको.”

“तुम्हीच.”

श्रीनिवासने हेमाकडे बघितलं. ती मान हलवत होती, पण हो की नाही ते कळत नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि जो काही सूर त्याच्या वाट्याला आला होता तो लावला. तो पहिल्या रांगेला ऐकू आला, शेवटच्या रांगेला ऐकू आला, हॉलबाहेर कुत्र्यांनाही ऐकू आला असावा, कारण ती भुंकायला लागली. तो श्वास संपेपर्यंत ऐकू येत राहिला.

आनंदीबाईंनी कपाळाला हात लावला.

“डबी तुमची, चावी तुमची,” त्या शेवटी म्हणाल्या. “मनात आणलं असतंत, तर स्वतःच्या वेळी गुपचूप बटण दाबून गप्प झाला असतात. कोणाला कळलंही नसतं.”

“तसं कसं करणार?” श्रीनिवास गोंधळून म्हणाला. “मग रीडिंग चुकलं असतं.”

बाईंनी त्याच्याकडे नवीनच माणूस बघावा तसं बघितलं. मग त्या हेमाकडे वळल्या. “चहा टाक. हे थांबतायत. पूर्ण कप टाक.”

लग्न मार्गशीर्षात ठरलं. दोन्हीकडचे मिळून मंगलाष्टकं म्हणायला उत्सुक असलेले नातेवाईक बरेच होते, आणि श्रीधरपंतांनी तर स्वतः रचलेलं एक आणलं होतं. आनंदीबाईंची झोप उडाली. “श्रीनिवासराव, ती डबी उलटी नाही का करता येणार? सुरात असेल तेवढंच बाहेर सोडायचं, बाकी गाळायचं?”

श्रीनिवास जागेवरून उडाला. “एक वजाबाकी, काकू! मूळ आवाजातून डबीतून आलेला आवाज वजा केला, की उरतो तो फक्त सुरेल! गुणाकार एकसुद्धा वाढत नाही!”

कार्यालयात अंतरपाट धरला गेला. आत्या गायल्या, मावश्या गायल्या, पंत तर हातवारे करून गायले. स्पीकरमधून काहीच आलं नाही. पाहुणे अक्षता मुठीत धरून कधी टाकायच्या ते एकमेकांना विचारत होते, आणि काहींनी अंदाजाने टाकूनही दिल्या. शेवटी आनंदीबाईंनी माइक हातात घेतला. मुलीच्या लग्नाचं शेवटचं कडवं, गळा दाटून आलेला, त्यामुळे त्यांचेही शब्द थरथरले आणि सगळे गाळले गेले. फक्त अखेरीला त्यांनी स्वतःला सावरलं, षड्ज धरला, आणि न हलता, न डगमगता टिकवला.

आणि अंतरपाटाआड हार घेऊन उभ्या असलेल्या श्रीनिवासला, अख्ख्या मंगलाष्टकांपैकी, सासूबाईंच्या आवाजात, चारी स्पीकरमधून, एकच शब्द खणखणीत ऐकू आला.

“सावधाऽऽऽन!”